उशिरा पडलेली टाळी

गाता गाता मी माइकवरच सांगितलं, "दारात निळी गाडी लावणाऱ्याने ती आधी काढावी. मागच्या गाडीतल्या आजींना घरी जायचंय." इंग्लंडात, लेस्टरच्या नवरात्रात गाणारीला हेही काम असतं. एक उंच मुलगा हातात किल्ली घेऊन धावला... आणि नेमका गरब्याच्या फेरात सापडला. बाहेर पडायला वाट मिळेना. बायकांचे पाय तुडवत त्याचे दोन फेरे झाले, आणि माझ्यासमोरून जाताना दर वेळी बिचारा "सॉरी" म्हणायचा. मला हसू फुटलं, सूर निसटला. माझ्या वडिलांनी, बापुजींनी, पेटीवरून डोळे वटारले.

गाणं संपल्यावर तो माफी मागायला आला. नाव किरीट, रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाला.

"तरुणाबेन, तुमच्या आवाजाची कॅसेट निघायला हवी."

"गाडी काढलीत का?"

नव्हती काढली.

युगांडात, कंपालाला होतो तेव्हापासून आमच्या घराचाच वाद्यवृंद. बापुजी पेटीवर, थोरला मोटाभाई ढोलकावर, आईच्या, म्हणजे बाच्या, हातात झांजा. मुख्य गाणारे बापुजीच. त्या वर्षी त्यांचा घसा बसला म्हणून मी पुढे आले होते. कॅसेटचं नाव काढल्यावर त्यांनी बरेच दिवस तोंड वाकडं केलं, मग अट घातली. जमली तर पुढच्या नवरात्रात तू पुढे. नाही जमली तर जन्मभर माझ्यामागे झील धरायची.

स्टुडिओत सकाळी वाद्यं झाली आणि घरचे दुकान उघडायला गेले. उरलं माझं गाणं, आणि माझा आवाजच फुटेना. समोर नुसती काच. कुणी फिरत नाही, कुणाची ओढणी उडत नाही... मी गाऊ कुणासाठी? दोनदा पहिल्याच ओळीला अडले. तिसऱ्यांदा सवयीने कडव्याच्या मध्येच गाडी काढायला सांगितली. मग मात्र मला रडू कोसळलं.

किरीट आत आला. "काय हवंय तुम्हाला, तरुणाबेन?"

"कुणीतरी गोल फिरणारं."

"मला येत नाही."

"ते सगळ्या लेस्टरने पाहिलंय," मी डोळे पुसत म्हणाले. "आणि हो — बहिणीला म्हणावं तसं बेन बेन म्हणत फिरलात, तर माझ्या तोंडून आरतीच येईल."

तो कानापर्यंत लाल झाला. "मग... तरुणा?"

एवढंसं माझंच नाव, पण अंगभर गुदगुल्या झाल्या.

यंत्र सुरू करून, बूट काढून तो मोज्यांवर टाळ्या देत माझ्याभोवती फिरू लागला. वळताना धडपडायचा, पण नजर माझ्यावरच. आणि मी गायले... तशी मी कधीच गायले नव्हते. फक्त शेवटच्या कडव्यात, माझ्याकडे बघण्याच्या नादात, त्याची एक टाळी उशिरा पडली.

बापुजींनी टेप डोळे मिटून ऐकली. शेवटी डोळे उघडले. "ही लंगडी टाळी कुणाची?"

"माझी," किरीट म्हणाला.

"काढून टाक."

"आवाजात मिसळलीये, काका. पुन्हा गावं लागेल."

"मग गाईल ती."

"नाही गाणार, बापुजी. असं गाणं पुन्हा येणार नाही. ते याच्यामुळे आलं. आणि... मला हा आवडतो."

बाने तोंडाला पदर लावला. किरीट माझ्याकडे असा बघत राहिला, की टेप गुंडाळायचीही शुद्ध त्याला राहिली नाही. बापुजींनी त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"गाव कुठलं तुझं?"

"लेस्टर."

"अरे, मूळ गाव!"

"घरी विचारून सांगतो."

"विचार," बापुजी सुस्कारा सोडून म्हणाले. "नाहीतर असं कर, घरच्यांनाच घेऊन ये."

पुढच्या नवरात्रात मी पुढे, आणि मागे झील धरायला बापुजी. कॅसेट घराघरांत वाजून वाजून झिजली होती. शेवटचं कडवं आलं आणि सगळ्या हॉलने ती टाळी उशिरा दिली. नवी पद्धत आलीय म्हणे. वेळेवर टाळी वाजली ती एकट्या किरीटची, कारण लग्न झाल्यापासून आमच्या स्वयंपाकघरात मी त्याच्याकडून घोटून घेतली होती. शेजारच्या लीलामासीने त्याचं मनगटच धरलं.

"जावईबापू," ती म्हणाली, "बायकोची कॅसेट जरा ऐकत जा."