टेपचं दुसरं टोक

शटर अर्धं खाली ओढा आणि बसा निवांत. आमचे भाचेबुवा आणि त्यांची ताई नव्या स्वयंपाकघराची मापं कागदावर उतरवून आलेत. ओटा इतका, भिंत इतकी. फरश्या देईनच, मामा पडलो. पण फरशी विकण्याआधी मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच विचारतो. माप घेताना टेपचं दुसरं टोक कोणी धरलं होतं?

हसा. मीही पूर्वी हसलो असतो.

आपला मिस्त्री तुम्हाला माहीत आहे. माझा जुना दोस्त. बोलायला कंजूष. माप घेताना तो ‘धरलं का, धरलं का’ असं ओरडत नाही. समोरच्याने टोक भिंतीला लावलं की टेपला दोन हिसके द्यायचे. दोन हिसके म्हणजे धरलंय. त्याच्या हाताखाली काम केलेल्या सगळ्यांना ही खूण ठाऊक.

सहा-सात वर्षांपूर्वी त्याला एका कंपाउंडरच्या घरचं काम मिळालं. माणूस असा संशयी, की भाजीवाल्याच्या तराजूखाली हात घालून बघणार. पण आईवर जीव. म्हातारी रात्री बाथरूमला जाताना पडली होती. म्हणून मागची रिकामी खोली तिच्यासाठी करायची, तिथेच बाथरूम काढायचं, धरायला दांडे लावायचे. पुन्हा पडली तर उठायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

पहिल्या दिवशी खोली भरली अकरा फूट चार इंच. दोन दिवसांनी अकरा फूट एक.

“तीन इंच गेले कुठे?” कंपाउंडर म्हणाला. “आधी खोली मोठी दाखवायची, फरश्या जास्त खपवायच्या. तो दुकानदार तुमचाच ना?”

तो दुकानदार म्हणजे मी. मिस्त्री तडक माझ्याकडे आला, नवी स्टीलची टेप घेतली आणि म्हणाला, “आज त्याच्यासमोर मोजतो. चोर म्हणवून घेऊन मी घरी जाणार नाही.”

डिसेंबरची अकरा तारीख. मंगळवार. रात्रीचे पावणेनऊ, कारण कंपाउंडर दवाखान्यातून सुटायचाच साडेआठला. मागच्या खोलीतल्या वायरी कामासाठी काढलेल्या, त्यामुळे आत काळोख. ‘मी आत जाऊन धरतो,’ असं कंपाउंडर म्हणाला होता. मिस्त्री बोळात गुडघ्यावर बसला, तोंड पुढच्या खोलीकडे, पाठ अंधाराकडे. टेपचं टोक खांद्यावरून मागे केलं. “घ्या.”

घेतलं.

टेप सरसर आत गेली. थांबली. दोन हिसके.

“उंदीर असेल, मामा.”

असा उंदीर भेटला तर उद्याच दुकानात कामाला ठेवतो, ताई. ऐक पुढे.

मिस्त्रीने आकडा वाचला. आणखी तीन इंच कमी. मान वर केली, तर समोरच्या खोलीतून कंपाउंडर येतोय. हातात चमचा.

“आईला औषध देत होतो. सुरू नाही ना केलं?”

मिस्त्रीच्या हातात टेप ताणलेलीच होती. त्याने एक हिसका देऊन पाहिला.

…

दोन हिसके.

मग टेप आत जायला लागली. हळू. एक इंच… दोन… तीन. त्याने हात सोडला. डबी फरशीवर घासत आत गेली. आवाज थांबला.

कंपाउंडरने बॅटरी मारली. खोली रिकामी. खिडकीला गज. मधोमध टेप, नीट गुंडाळलेली.

“नाटक छान आहे,” कंपाउंडर म्हणाला. “काम सोडायचंय तर सरळ सांगा. टेप राहू दे आत. उद्या दुसऱ्या मिस्त्रीला बोलावून तुमच्यासमोर मोजून घेतो. आज तुम्ही इथेच झोपायचं.”

दाराला कुलूप घातलं. कुलपावर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर स्वतःची सही. चावी उशीखाली. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मिस्त्री, मध्ये आईचा पलंग. दोघंही एकमेकांवर नजर ठेवून. झोप कोणाला येणार? पण पहाटे कधीतरी… लागलीच.

साडेपाचला मिस्त्री उठला.

कुलूप जागेवर. पट्टी जागेवर. सही शाबूत. चावी उशीखालीच. आणि बंद दाराच्या फटीतून टेप बाहेर आलेली. बोळातून. उंबऱ्यावरून. टोकाची आकडी आईच्या पलंगाच्या पायात अडकलेली.

ताणलेली.

कंपाउंडरने आईला हलवलं. ती जागीच होती.

“रात्री माझी चादर कशाला ओढत होतास रे?” ती म्हणाली. “दोनदा ओढलीस.”

“मी नाही, आई.”

“मला वाटलं तूच. जागी आहे हे कळावं म्हणून… मीही दोनदा ओढली.”

मिस्त्रीने कंपाउंडरकडे पाहिलं. कंपाउंडरला ती खूण माहीत होती. पहिल्याच दिवशी मिस्त्रीनेच त्याला शिकवली होती.

आईला दोघांनी खुर्चीसकट उचलून बाहेर आणलं. त्याच सकाळी बहिणीच्या घरी नेलं. कंपाउंडरने मिस्त्रीचे हात धरून माफी मागितली. घर अजून तसंच आहे, बंद.

टेप मिस्त्रीने मला परत केली. या खणात आहे. स्प्रिंग ठीक आहे, मी स्वतः उघडून पाहिली. तरी कितीही आत ढकला, सकाळी तीन इंच बाहेर असते.

बघायची तर बघा, भाचेबुवा. हिसका मात्र देऊ नका.