राजाचे हात

आमच्या यक्षगानाच्या मेळ्यात पडदा धरायला दोन माणसं लागतात. डावं टोक माझं, उजवं मंजय्याचं. आम्हाला कोणी टाळ्या वाजवत नाही. खुंट्यांना कोण टाळ्या वाजवणार? पण प्रेक्षकांना पडद्याची एकच बाजू दिसते, आम्हाला दोन्ही.

गेल्या महिन्यात उडुपीजवळच्या एका देवळापुढे खेळ होता. मुलगा रणात पडलाय आणि राजा पहिल्यांदा रंगमंचावर येतोय, असा प्रसंग. यक्षगानात अशा राजानं एकदम तोंड दाखवायचं नसतं. आधी पडद्याच्या वरच्या काठावर नुसते हात येतात, मग कपाळ, मग डोळे. राजा कसा माणूस आहे, ते लोक हातांवरूनच ओळखतात.

आम्हाला हे शिकवलं नारणप्पा शेट्टीगारांनी. त्यांचा मुलगा दिवाकर हाच राजा करायचा. हात वर आले की पडदा मुठीत आवळायचा, थरथरवायचा. गेल्या वर्षी रंगपटात, सगळ्यांदेखत, नारणप्पा त्याला म्हणाले, "गळा काय काढतोस? राजा आहे तो! हात शांत हवेत. तुझं काय गेलंय म्हणून तुला कळणार?"

दिवाकरनं मुकुट उतरवून ठेवला. आठवड्याभरात तो खाडीत बुडाला.

वर्ष झालं म्हणून त्याच्या आईनं, गिरिजक्कानं, त्याच्या नावानं हा खेळ लावला होता. राजा नारणप्पांनाच करायचा होता.

"शीना, नीट धर रे," रंगमंचावर येताना ते मला म्हणाले. "हात आज माझं ऐकतील असं वाटत नाही."

आम्ही पडदा धरला. त्यामागे ते स्टुलावर बसले. चेंडेचा ढोल वाजू लागला, गायक भागवतांनी पद उचललं. नारणप्पा उठेनात. भागवतांनी पद पुन्हा घेतलं. मी तिरक्या नजरेनं पाहिलं. दोन्ही तळव्यांत तोंड झाकून म्हातारा गदगदत होता.

तेवढ्यात पडदा जड झाला.

वरच्या काठावर बोटं आली. एकेक करत दहा. शांत, अगदी शांत. समोरचं अंगण चिडीचूप झालं, कुणीतरी हुंदका दिला. मी मागे पाहिलं. नारणप्पांचे तळवे अजून तोंडावरच होते. पडद्यामागे दुसरं कोणी नव्हतं. खाडीच्या गाळाचा वास मात्र येत होता.

"अण्णा..." मी कुजबुजलो. "अण्णा, वर बघा..."

त्यांनी तळवे काढले. कितीतरी वेळ बघत राहिले.

"असेच..." ते म्हणाले. "असेच हवे होते रे. शाब्बास."

त्याबरोबर बोटांनी पडदा घट्ट धरला. भागवतांचं पद चौथ्यांदा आलं. मी ओढतोय, मंजय्या ओढतोय, पडदा खाली येईना. नारणप्पा उठले आणि कापडाला तोंड लावून म्हणाले, "बाळा, चुकलो मी. सगळ्यांपुढं बोलायला नको होतं. आता सोड... लोक थांबलेत."

बोटं एकेक करून सुटली. पडदा खाली आला. कोरड्या डोळ्यांनी उभा राहिलेला तसा राजा मी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

खेळानंतर जो तो त्यांच्या हातांची तारीफ करत होता. ते नुसती मान हलवत होते. मी पडद्याची घडी घालत होतो, तेव्हा गिरिजक्का आली. ती अगदी समोर बसली होती.

"ते ह्यांचे हात नव्हते," ती म्हणाली. "माझ्या पोरानं पडदा धरला होता आणि तुम्ही तो खाली ओढलात? का रे शीना?"

मी घडी घालत राहिलो.

"तो वर येत होता रे. ओले केस दिसले मला... कपाळ दिसलं. अजून एवढंसं थांबला असतात, तर तोंड बघितलं असतं मी त्याचं." ती माझ्या हातातली घडी चाचपत राहिली. "मी पुन्हा खेळ लावते. या खेपेला पडदा खाली ओढणार नाहीस ना?"

आईला नाही कसं म्हणायचं? मी हो म्हणालो.

तो खेळ परवा आहे. मंजय्यानं काम सोडलंय. त्याचं टोक आता नारणप्पा स्वतः धरणार आहेत. मग राजा कोण करणार, हे मेळ्यातल्या एकानंही त्यांना विचारलेलं नाही.