काळ्या कमळाचा जुळा

"टेबलाला कुणी हात लावायचा नाही! श्वाससुद्धा हळू घ्या!" शिवमने बजावलं आणि बोटांत धरून फिरवायच्या दोन स्पिनरना एकाच वेळी टिचकी मारली.

काचेच्या टेबलावर दोन्ही गरगरू लागले. एक निळसर टायटेनियमचा, परदेशातून मागवलेला. दुसरा काळा कुळकुळीत, तीन पाकळ्यांच्या कमळासारखा. त्याच्या प्रत्येक पाकळीवर चांदीच्या तारेची केसासारखी बारीक वेल होती. फिरता फिरता वेल दिसेनाशी झाली आणि काळ्यावर नुसती चांदीची वर्तुळं उरली.

"टायटेनियम डुगडुगायला लागलं!" सोनिया ओरडली. "थांबलं! काळं कमळ जिंकलं!"

"ओरडू नकोस ना यार," लाइबा म्हणाली. "कमळाचा आवाज ऐक."

"आवाज येतच नाहीये."

"तेच तर ऐकायचंय!"

दिवाळीच्या सुट्टीचा तो पहिला दिवस. सिडकोतल्या सोनियाच्या घरी शिवराजकाकांचा अख्खा संग्रह जमिनीवर मांडला होता. काका म्हणजे सोनियाच्या बाबांचे थोरले भाऊ. त्यांच्या बोटांना सतत काहीतरी चाळा लागायचा. आधी ते पेनाची टोपणं तोडायचे, मग कुणीतरी त्यांना एक स्पिनर भेट दिला आणि तिथून संग्रहच सुरू झाला. पितळी भोवरे, चुंबकावर टकटक सरकणाऱ्या पट्ट्या, बोटांवर नाचवायच्या मण्यांच्या दोऱ्या. उद्या संध्याकाळी कॉलनीच्या सभागृहात छंदांचं प्रदर्शन होतं आणि त्यात काकांचं टेबल सगळ्यात पुढे असणार होतं.

त्या टेबलाची शान होती काळं कमळ. ते लाइबाच्या युसूफमामूंनी घडवलं होतं. मामू बिदरी काम करायचे. जस्तात थोडं तांबं मिसळून वस्तू ओतायची, तिच्यावर नक्षी कोरून चांदीची तार ठोकून बसवायची आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातल्या मातीने ती काळी करायची. मामू एरवी फुलदाण्या आणि डब्या करत. बिदरी स्पिनर त्यांनी आयुष्यात एकच केला होता.

लाइबाने खिशातून आपला स्पिनर काढला. त्याच साच्यातून निघालेला, पण नक्षी नसलेला, काळा न केलेला, राखाडी पांढरा.

"अगदी जुळे!" काका हसले. "एक गोरा, एक काळा!"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. काका काळं कमळ बोटांत फिरवत, बोलत बोलत आतल्या खोलीत गेले. फोनवर बोलताना त्यांना एका जागी उभं राहणं जमायचंच नाही. मुलांनी बाकीच्या वस्तू खोक्यांत भरल्या आणि शिवम, लाइबा आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनियाने दोघांना बोलावून घेतलं. फोनवर तिचा आवाज रडवेला होता.

काका दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत होते. टेबलावर एक राखाडी पांढरा स्पिनर पडला होता.

"लाइबा," काका म्हणाले, "हे तुझं घे आणि माझं मला परत दे."

लाइबाला काही कळेना. "पण माझं माझ्याकडेच आहे, काका." तिने खिशातून आपला स्पिनर काढून दाखवला.

"मग मामाकडून आणखी एक आणलंस! त्यांच्याकडं असे कोरे ढीगभर असतील. सकाळी उठतो तर इथं टेबलावर हे, आणि काळं कमळ गायब! काल घरात असा कोरा स्पिनर आणखी कुणाकडं होता?"

"काका! ती असं करणार नाही!" सोनिया ओरडली.

"मला भांडायचं नाही. आज संध्याकाळी तुझे मामा बिदरहून येणार आहेत ना? त्यांच्याशीच बोलतो. तोवर त्यांची फुलदाणी, त्यांची डबी, त्यांच्या नावाची पाटी, काही टेबलावर लागणार नाही."

लाइबाला मामू आठवले. ते माती आणायला गेले होते. एरवी कधीही आणली असती, पण यंदा प्रदर्शनात पहिल्यांदाच त्यांचं नाव लागणार म्हणून ते घाईने परत निघाले होते. बसमधून उतरून ते थेट सभागृहात येणार, आणि तिथे त्यांच्या कानावर पहिल्यांदा हेच पडणार. आपल्या भाचीने चोरी केली!

तिघं गच्चीवर जाऊन बसली.

"तुम्हाला काय वाटतं?" लाइबाने विचारलं. "मी घेतलं?"

"वेडी आहेस का? नाही!" सोनिया लगेच म्हणाली.

शिवम मात्र थांबला. एखादाच क्षण, पण लाइबाला तो फार लांब वाटला.

"तू पण, शिवम?"

"मी असं नाही म्हणत," तो चाचरत म्हणाला. "मला तसं वाटत नाही. पण मला वाटतं म्हणून काका ऐकतील का? काहीतरी हातात पाहिजे."

लाइबाने तोंड फिरवलं आणि खालच्या अंगणात वाळत घातलेल्या गोधड्यांकडे बघत राहिली. शिवमला आपण काहीतरी तोडलं असं वाटलं, पण ते जोडायचं कसं ते त्याला कळेना. मग त्याने सोनियाला टेबलावरचा तो पांढरा स्पिनर आणायला लावला.

"चोरच सापडत नसेल, तर आधी वस्तू तरी नीट बघू."

त्याने स्पिनरला टिचकी मारली. खर्रर्र! दोनचार फेऱ्या मारून तो अडखळत थांबला. मग लाइबाच्या स्पिनरला मारली. तो गुपचूप फिरत राहिला.

"याच्या बेअरिंगमध्ये काहीतरी अडकलंय," शिवम म्हणाला.

मधली टोपी आट्यांची होती. सोनियाने ती फिरवून उघडली. आत पांढरट चिखल वाळून बसला होता. तिने नाक जवळ नेलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"अरे! लवंगेचा वास येतोय!"

शिवमने वास घेतला. "दंतमंजन!"

"स्पिनरने दात घासले?" सोनिया फिस्सकन हसली. लाइबासुद्धा त्यात ओढली गेली. तिने वाकून वास घेतला. खरंच, दंतमंजन!

"थांबा," शिवम म्हणाला. "मामूंच्या कारखान्यातून नवा कोरा तुकडा आणला असता तर त्यात दंतमंजन कुठून आलं? हा कुणीतरी घासलाय. नव्या वस्तूला कोण घासतं?"

"कुणी नाही," सोनिया म्हणाली. "घासतात ते जुनं, काळं पडलेलं." बोलता बोलता तिने हातातल्या स्पिनरकडे पाहिलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"नाय, तसं होत नाही," लाइबा मान हलवत म्हणाली. "बिदरीचा काळा रंग पक्का असतो. मामू म्हणतात, नुसतं कापडानं पुसलं तर पोरांच्या पोरांपर्यंत टिकतो."

"कापडानं पुसलं तर," शिवमने शब्द तोडून म्हटलं. "घासघास घासलं तर?"

लाइबाने तो पांढरा तुकडा उन्हात तिरपा धरला. दोन पाकळ्यांच्या मधल्या बेचक्यात, जिथे बोट पोचत नाही तिथे, काळी रेघ होती. काजळाच्या रेघेएवढी.

"पण मग वेल कुठंय? चांदी तर घासून जाणार नाही ना?" सोनियाने विचारलं.

"चांदी पांढरी, जस्त पण पांढरं," लाइबा सावकाश म्हणाली. "पांढऱ्यावर पांढरं. काळं करायच्या आधी मामूंच्या हातातली वस्तू मलासुद्धा कोरीच वाटते. म्हणून तर नक्षी कोरायच्या आधी ते तिला निळं पाणी लावतात. मग ती थोड्या वेळापुरती काळी होते आणि कोरलेली रेघ उठून दिसते."

"निळं पाणी?" शिवम ताडकन उभा राहिला. "मोरचूद! कॉपर सल्फेट! शाळेत त्याच्यात खिळा टाकला होता, आठवतं? लाल झाला होता. खिळ्यातलं लोखंड पाण्यात गेलं आणि पाण्यातलं तांबं खिळ्यावर बसलं. जस्तावर ते आणखी पटकन बसतं, आणि बारीक बारीक बसलं की काळं दिसतं!"

"आणि चांदीवर?"

"चांदी त्या पाण्यात विरघळत नाही. ती काळी पडायला नको."

"मग वेल दिसेल!" दोघी एकदम म्हणाल्या.

शिवमच्या वडिलांची लासूर स्टेशनजवळ डाळिंबाची बाग होती. फवारणीसाठी आणलेल्या मोरचुदाची पुडी त्यांच्या घराच्या माळ्यावर होती. शिवम ती आणायला निघाला, पण लाइबाने त्याचा हात धरला.

"असंच नाही करायचं. ते काकांचं आहे. त्यांना विचारून, त्यांच्यासमोर करायचं. आणि आधी माझ्यावर."

"तुझ्यावर?"

"माझ्या स्पिनरवर रे! बिघडला तर माझा बिघडू दे."

काका आधी तयार होईनात. "विषारी असतं ते! आणि कशाला हे नाटक?"

"हातमोजे घालू, काका. आणि तुम्हीच हातात घ्या कापूस," शिवम म्हणाला. "तो तुकडा बदललेला आहे असं तुम्ही म्हणता. मग तो बिघडला तर तुमचं काय जातंय?"

काकांनी मोजे चढवले.

काचेच्या वाटीत निळं पाणी तयार झालं. काकांनी कापसाचा बोळा बुडवून लाइबाच्या कोऱ्या स्पिनरवर फिरवला. पाकळी बघता बघता शाई सांडल्यासारखी काळवंडली, अगदी एकसारखी. वेल नाही, रेघ नाही, काही नाही.

"आता तो," लाइबा म्हणाली. समजा आपला तर्क चुकला तर? समजा तिथेही नुसतंच काळं झालं तर?

काकांनी बोळा दुसऱ्या तुकड्याच्या एका पाकळीवर टेकवला आणि लगेच पुसला.

काळ्यातून एक रेघ वर आली. मग तिला वळण फुटलं, वळणाला पान, पानाच्या टोकाला कळी. चांदीची वेल, किंचित तांबूस छटा आलेली, पण तीच. टोकाचं पान जरासं वाकडं. ते वाकडं पान काका रोज अंगठ्याखाली फिरवायचे.

काकांचा हात हवेतच राहिला.

"हे... हे माझंच आहे!"

"काका, काल फोनवर बोलता बोलता तुम्ही ते कुठं ठेवलं?" सोनियाने विचारलं.

काका आठवू लागले. "मी... देवघरापर्यंत गेलो. मग बहुतेक..."

दार वाजलं. काकांच्या पत्नी दीपमालाकाकू पहाटेच फुलं आणि पणत्या आणायला गुलमंडीच्या बाजारात गेल्या होत्या. घरात काय चाललंय याचा त्यांना पत्ताच नव्हता. दोन्ही हातांत पिशव्या, कपाळावर घाम. टेबलाकडे बघून त्या किंचाळल्या, "अगं बाई! परत काळं केलंत? काल रात्री मरमर घासलं मी ते!"

"तू घासलंस?" काकांनी विचारलं.

"मग काय! देवघरात पडलं होतं चांदीचं कमळ, लई काळं पडलेलं. म्हटलं, दिवाळीला देवापुढं असं ठेवायचं का? आधी लिंबू लावलं, मग दंतमंजन. काळं जाईना बघा, हात भरून आले! पण शेवटी पांढरं शुभ्र निघालं. वाटलं, देवाच्याच एखाद्या वस्तूचा भाग असेल; पण कशालाच ते बसेना, म्हणून टेबलावर ठेवून दिलं." मग त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले. "का हो? काय झालं?"

सोनियाने सगळं सांगितलं. काकू खुर्चीत बसल्याच. "अहो, तुमच्या एवढ्या वस्तूंतली ही मी काय ओळखणार! मला नाही का विचारायचं? घरात विचारायच्या आधी लेकराला चोर म्हणालात?"

काकांनी हातातला बोळा खाली ठेवला. त्यांच्या बोटांना चाळा हवा होता, पण ती तशीच स्थिर राहिली.

"लाइबा," ते म्हणाले, "मी चुकलो. डोळ्यांना पांढरं दिसलं आणि मी पुढचं बघितलंच नाही. हे मी तुझ्या मामांसमोरही सांगेन."

आणि त्यांनी ते सांगितलं. संध्याकाळी युसूफमामू मातीची गोणी खांद्यावर घेऊन सभागृहात शिरले तेव्हा त्यांच्या नावाची पाटी टेबलाच्या मधोमध होती. सगळ्या कॉलनीसमोर काकांनी स्वतःची चूक सांगितली आणि मुलांनी ती कशी पकडली तेही सांगितलं. कुणी हसलं, कुणी टाळ्या वाजवल्या. मामूंनी मात्र आधी भाचीच्या डोक्यावर हात ठेवला.

"बेटा, घाबरली होतीस?"

"थोडी."

"आणि तरी पहिल्यांदा आपला स्पिनर पुढे केलास. शाब्बास!" मग ते काकूंकडे वळून हसले. "ताई, माझं काम घासून पांढरं करणं सोपं नाही हां. तुमच्या हातांना सलाम!"

"काळं परत होईल ना हो?" काकूंनी ओशाळून विचारलं.

"आत्ता इथंच करतो. माती ताजी आहे."

सभागृहाच्या अंगणात शेगडी पेटली. मामू माती आणि नवसागर पाण्यात कालवत असताना लाइबा शिवमच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"सकाळी तू थांबलास ना," ती म्हणाली, "तेव्हा मला लई राग आला होता."

"माहीत आहे."

"सोनिया थांबली नाही म्हणून मी रडले नाही. पण तू थांबलास म्हणून दंतमंजन सापडलं." ती जरा विचार करून म्हणाली, "दोघं पाहिजेत बहुतेक."

"म्हणजे राग गेला?"

"अर्धा. उरलेल्याला कुल्फी लागेल."

काकांनी कमळ मामूंच्या हातात देण्याआधी लाइबासमोर धरलं. "तू सांग. पूर्वीसारखं पूर्ण काळं करायचं?"

लाइबाने कमळाकडे पाहिलं. मग मामूंकडे. "मामू, एका पाकळीला माती न लावता सोडता येईल?"

"येईल की. का?"

"ती पांढरीच राहू दे. वेल तिच्यातपण आहे. ज्याला बघायची असेल त्यानं उजेडात धरून, नीट निरखून बघावी."

मामूंनी तापलेल्या कमळाच्या दोनच पाकळ्यांवर माती चोपडली, थोड्या वेळाने ते धुतलं आणि तेलाच्या फडक्याने पुसलं. दोन पाकळ्या मध्यरात्रीसारख्या काळ्या निघाल्या, त्यांच्यावर चांदी लखलखू लागली. तिसरी पांढरी, कोरी दिसणारी. शिवमने बेअरिंग धुऊन बसवलं होतं. काकांनी टिचकी मारली.

अंगणातली सगळी गर्दी वाकून ऐकू लागली. कुणालाच काही ऐकू आलं नाही.