कड्यातली फट

पैज लागली कॅरमवरून. २०५८ साल असलं, घरोघरी यंत्रं राबत असली, तरी जयसिंगपुरात पारावरचा कॅरम लाकडीच होता. डाव रंगात आला की शेजारची दीपालीमावशी मध्येच उठून घरी पळायची.

"हरायला लागली की पळते," बारा वर्षांची ओवी म्हणाली.

"दीपाली? ती हरेल, पण डाव सोडायची नाही," संदेशकाका म्हणाले. "लाव पैज. हरेल त्यानं पालथी बादली डोक्यावर घालून पाराला पाच फेऱ्या मारायच्या. सगळ्यांसमोर."

ओवी चेकाळली. मावशी उठली की मागून ओरडायची, "पळाली रे, पळाली!" पोरं टाळ्या पिटायची. आठ दिवसांत मावशीनं पारावर येणंच सोडलं.

ओवी तिच्या दारात गेली. "मावशी, हरायला घाबरतेस हे कबूल कर ना. मी पैज जिंकेन."

मावशीनं चपला घातल्या. "आज दवाखान्यात तपासणी आहे. चल, बघच."

दवाखान्यात मावशी पडद्यामागे गेली. टिकली नावाच्या यंत्रमानव नर्सनं ओवीला बाहेर स्क्रीनसमोर बसवलं. "ताई, हिला दाखवू?"

"दाखव," आतून आवाज आला.

"शौचाच्या जागी बोटाएवढी सळई आत ठेवलीय," टिकली सांगू लागली. "ती श्राव्यातीत ध्वनी (कानाला ऐकू न येणारा आवाज) सोडते. आवाज आपटून परत येतो, त्याचंच चित्र बनतं. ही दोन कडी म्हणजे संवरणी (दार आवळून धरणारे गोल स्नायू). आतलं काळं आपोआप आवळलेलं असतं. बाहेरचं पांढुरकं आपण शी रोखताना आवळतो."

पांढुरकं कडं एका जागी तुटलं होतं.

"हे कशानं?"

"बाळंतपणात फाटलं," टिकली म्हणाली. "तीस वर्षं झाली. कळ आली की घर गाठायला मिनिटभर मिळतं. कधी तेवढंही नाही."

"परवा तू ओरडलीस ना," मावशी आतून म्हणाली, "तेव्हा जिन्यातच..."

ओवीनं मान खाली घातली. मग तिनं विचारलं, "बरं होईल?"

"फट कुठं, केवढी, ते आता दिसलं. आधी स्नायूंचे व्यायाम, लागले तर टाके. बराच फरक पडतो."

"मग तीस वर्षं का नाही दाखवलंस, मावशी?"

"लोक हसतील म्हणून."

संध्याकाळी ओवी बादली घेऊन पारावर आली. "काका, मी हरले."

"मग ती पळायची कशाला?"

पोरांनी कान टवकारले.

"ते सांगायचं पैजेत नव्हतं," ओवी म्हणाली आणि बादली डोक्यावर घातली.

सगळे खो खो हसले. बादलीच्या अंधारात ती चालत राहिली. चौथ्या फेरीत अर्ध्या वाटेवर ठेचकाळली, तेव्हा कुणीतरी दंड धरला.

"उजवीकडं खड्डा आहे," मावशी म्हणाली. "सावकाश. अजून दीड फेरी राहिलीय."