उतारावरचा दुसरा दिवा

चहा घ्या आधी. वारा पडलाय, म्हणून सांगतो. ही हकीकत माझ्या साडूची, बहादूरची. त्यानं एकदाच सांगितली. पुन्हा विचारलं तर उठून जातो.

दोन वर्षांपूर्वी, ऐन हिवाळ्यातल्या बहमन महिन्याची सतरा तारीख. बुधवार, रात्रीचे आठ. डोंगरावरच्या निवाऱ्यातून मेहरंगीजचा वॉकीटॉकीवर निरोप आला. तेहरानच्या एका गिर्यारोहकाला दम लागलाय, दम्याचा पंप संपलाय. मेहरंगीज म्हणजे बहादूरची वहिनी, निवारा तीच चालवते. तिचा नवरा होरमोझ आदल्या हिवाळ्यात त्याच वाटेवरच्या उतारावर बर्फाखाली गेला. वसंतात देह मिळाला, पुरला. तेव्हापासून बहादूरला ना भूक लागायची, ना रडू यायचं. बायको म्हणायची, "तुमच्याशी बोलण्यापेक्षा भिंत बरी."

दुसरा पंप खिशात टाकून, कपाळाला दिवा बांधून तो पायथ्याहून निघाला. तीन दिवस वाऱ्यानं उतारावर बर्फ आणून थापला होता. त्याच्याखालचा जुना थर साखरेसारखा भुसभुशीत, कधीही घसरेल असा. बहादूरला हे पक्कं ठाऊक होतं. तरी धारेवरची दोन तासांची वाट सोडून तो उताराकडे वळला. अर्ध्या तासाचं काम. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

उताराच्या काठाशी वॉकीटॉकी खरखरला.

"भावजी, बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

"थट्टा नको हं. दोन दिवे दिसतायत. दुसरा तुमच्या पुढे."

पुढे नुसता अंधार.

"वहिनी, खिडकीच्या काचेत तुमचाच कंदील दिसत असेल."

"विझवून बघितला मी... तो थांबलाय. तुम्हीही थांबा."

तो थांबला. का, ते त्याला अजून सांगता येत नाही.

पायाखाली धप्प झालं. पोकळ. दोन पावलांवर बर्फाला चीर गेली... आणि अख्खा उतार सुटला. आवाज नंतर आला.

मग काहीच नाही.

वाचलो, एवढंच त्याच्या मनात आलं. दुसऱ्याच कुणाबद्दल यावं तसं.

"वहिनी."

"...तुमचा दिवा दिसतोय."

"आणि दुसरा?"



"सुटलेल्या उतारावरून येतोय. आमच्या दाराकडे."

"कोण आहे?"

"भावजी... चालणं ओळखीचं आहे."

"दार उघडू नका."

धारेवरून तो पोचला तेव्हा अकरा वाजून गेले होते. पंप मिळाला, गिर्यारोहकाची धाप थांबली, तो झोपला. मेहरंगीज दाराला पाठ लावून उभीच.

"तीनदा नाव घेतलं त्यांनी माझं," ती म्हणाली. "उघडलं नाही हो मी. नाही उघडलं..."

बहादूरनं आधी दार बघितलं.

कडी आतूनच होती. बुखारी, म्हणजे खोलीतली लोखंडी शेगडी, लालभडक. तिच्याशेजारच्या बाकावर बर्फ होता. माणूस बसतो, तेवढ्याच जागेत.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः वर गेलो. बुखारी पेटलेलीच होती.

बाकावरचा बर्फही तसाच होता.