सात मिनिटांचा हिशेब

"दोनशे बेचाळीस किलोमीटर. तीन वर्षांपूर्वी ही फेरी सुरू झाली तेव्हाही तेवढंच होतं, आजही तेवढंच आहे," ती चौथ्यांदा म्हणाली.

"मग तुमचा वैमानिक भाऊ वाटेत चहा पितो का?" साहेबांनी कागद तिच्याकडे सरकवला. दोन आडबाजूचे विमानतळ, मध्ये नुसतं ओसाड पठार. तिच्या गणिताने अठ्ठावन्न मिनिटं लागायला हवीत, पण दर खेपेला पासष्ट लागत होती. "उद्यापर्यंत कारण द्या, नाहीतर त्याला विमानावरून उतरवतो."

वेळापत्रक तिचंच होतं. वारा, वजन, उंची, सगळं तिने पुन्हा तपासलं. इंधन तर अठ्ठावन्न मिनिटांपुरतंच जळत होतं. तिचं डोकं उठलं. मग सात मिनिटं विमान चालत होतं कशावर?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच विमानात जाऊन बसली. नऊ आसनांचं विमान, प्रवासी ती एकटी, बाकी टपालाची पोती. पुढचा पडदा बाजूला केला की भावाची पाठ दिसे.

"आलीस का मोजपट्टी?" तो मागे न वळताच म्हणाला. पाच वर्षांनी धाकटा, पण तिला ताई म्हणून हाक मारणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

"गप उडव. आणि रमतगमत जाऊ नकोस."

"अगं, मी सरळच जातो! तुमची घड्याळंच आजारी आहेत."

तिची पद्धत साधी होती. दर मिनिटाला वहीत एक ओळ: मिनिटाचा आकडा, वेग, उंची, काही वेगळं दिसलं तर तेही. खाली पठार करडं, एकसुरी. इंजिनाचा आवाज जराही बदलला नाही. तिला एकदाही डुलकी लागली नाही, याची तिला खात्री होती.

चाकं टेकली तेव्हा तिचं घड्याळ अठ्ठावन्न मिनिटं दाखवत होतं.

"सात मिनिटं उशीर," नियंत्रण कक्षातून सांगितलं गेलं.

"अहो, शक्यच नाही!" ती पडद्यातून पुढे वाकून बिनतारी यंत्रावर जवळजवळ ओरडलीच. तरी मनातून तिला हायसं वाटलं. भाऊ निर्दोष होता आणि पुरावा तिच्या मांडीवर होता.

भाऊ खाली उतरला. तिने ओळी मोजायला घेतल्या. अठ्ठावन्न हव्या होत्या.

पासष्ट होत्या.

एकतिसाव्या आणि बत्तिसाव्या मिनिटाच्या मध्ये सात ओळी. त्यांना आकडे नव्हते. वेग नव्हता, उंची नव्हती.

अक्षर तिचंच होतं.

पहिल्या सहा ओळी सारख्याच होत्या: *भाऊ जागेवर नाही.*

सातवी वेगळी होती. पेन्सिल इतकी दाबली होती की कागद फाटला होता.

*कोणीतरी येऊन बसलं.*

तिने वही मिटली. तीन वर्षं, रोज दोन खेपा.

दारातून एक हात आत आला, वहीसाठी पुढे झालेला.

"दाखव ना. सुटलो ना मी, ताई?"