चढवेग आणि विरजण

मिरजेतल्या सातवेकरांच्या घरात इंटरनेटचा उतारवेग झकास होता, चढवेग मात्र मेला होता. म्हणजे जगातलं काहीही घरात धो-धो येत होतं, पण घरातलं बाहेर जायला निघालं की उसाच्या गाडीमागे अडकल्यासारखं रांगत होतं. नुसते सिनेमे बघणाऱ्याला याचं काही वाटलं नसतं. मृणालताईंची मात्र झोप उडाली होती, कारण त्यांचा नवरा त्या चढवेगापायी अडकून पडला होता.

केदार सातवेकर हे भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. विस्मरणाच्या आजाराची चाहूल लागली तेव्हाच डॉक्टरांनी त्यांच्या कानामागे तांदळाच्या दाण्याएवढा स्मृतिसेतू बसवला होता. हा सेतू मेंदूतल्या आठवणींची प्रत घरातल्या इंटरनेटच्या जालपेटीमार्फत इस्पितळाच्या स्मृतिकोठाराला पाठवत राही. आजार बळावला की कोठारातली जुनी, धडधाकट प्रत मेंदूवर परत बसवायची, याला पुनर्स्थापना म्हणत. त्यानंतर दोन-तीन वर्षं तरी माणूस पूर्वीसारखा वागे. नियम एकच होता. जुनी प्रत बसवण्याआधी आत्ताची प्रत कोठारात पूर्ण पोचलेली हवी. आणि केदाररावांच्या नावापुढे कित्येक महिने तेच तांबडं वाक्य लुकलुकत होतं: ‘प्रत अपूर्ण’.

जालसेवेतर्फे नाझनीन शिकलगार ही तरुण अभियंता यायची. तिने जालपेटी लोखंडी कपाटामागून काढून दिवाणखान्यात आणली, उंदराने कुरतडलेली तार बदलली. गल्लीतली मुख्य तार तेवढ्याच कुवतीची होती, त्यामुळे जास्तीचा वेग मिळायची सोय नव्हती. मग तिने दिवसभराची नोंद तपासली. दुपारी चारच्या सुमाराला चढवेग एकदम बसायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कसाबसा सावरायचा.

“काकू, दाराची घंटी वाजली की वेग बसतो,” ती म्हणाली. “त्या घंटीतला कॅमेरा खात असणार सगळं.”

कॅमेऱ्याची घंटी गेली, तिथे साधी पितळी घंटा आली. वेग तरीही बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती.

“पण चारला रोज येतं तरी कोण?” नाझनीनने विचारलं.

मृणालताई ओशाळल्या. “मीच येते गं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. केदारराव त्यांना कामाला ठेवलेल्या बाई समजत. त्यांच्या हातचा चहा नको म्हणत, ‘बाई, तुम्ही निघा आता, घरचे वाट बघत असतील’ म्हणत. एकदा अंगणातले कपडे काढताना दार ओढलं गेलं, म्हणून ताईंनी घंटी वाजवली. केदाररावांनी दार उघडलं आणि दारात कुणी पाहुणी आली असं समजून ते अदबीने बाजूला झाले.  ताई भलतंच बोलून गेल्या, “जरा विरजण मिळेल का?” त्यासरशी केदाररावांमधला यजमान जागा झाला. त्यांनी पाहुणीला बसवलं, चहा टाकला, तिच्याबरोबर स्वतःही प्यायले. कितीतरी दिवसांनी ते कुणाबरोबर हसले होते. तेव्हापासून रोज दुपारी ताई रिकामी वाटी घेऊन मागच्या दाराने बाहेर पडत, पुढच्या दाराशी येत आणि स्वतःच्याच घरात विरजण मागत.

“वेडेपणा आहे सगळा,” त्या म्हणाल्या. नाझनीन हसली नाही. त्या दुपारी तिने घरातली झाडून सगळी यंत्रं बंद केली. उरला एकटा स्मृतिसेतू. चारला घंटा वाजली आणि चढवेग बसला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने ताईंच्या देखत केदाररावांच्या डॉक्टर वैजयंती हुद्दारांना पडद्यावर गाठलं.

“डॉक्टर, सेतू रोज अख्खा मेंदू पाठवतो का?”

“छे. फक्त फरक. कालच्या प्रतीपेक्षा आज जे वेगळं असेल तेवढंच. फरकप्रत म्हणतो आम्ही तिला.”

“विसरणं हाही फरकच की.”

“हो, पण हलका. आठवण गेली तर ‘ही गेली’ एवढी खूण पाठवली की झालं. जड असते ती नवी आठवण. चेहरा, आवाज, वास, मागचंपुढचं, सगळं पाठवावं लागतं.”

“मग ही बघा कालची नोंद. रोज चारला काकू पाहुणी होऊन दाराची घंटा वाजवतात, तिथून पुढची.”

डॉक्टरांनी नोंद पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली. “इतकं जड म्हणजे ही नवी आठवण आहे,” त्या सावकाश म्हणाल्या. “पण आम्ही दर महिन्याला तपासतो त्यांना. नाव, गाव, बायको कोण. एकही उत्तर येत नाही.”

“ते सगळं जुनं झालं,” नाझनीन म्हणाली.

“खरंय. आणि अपूर्ण प्रत उघडता येत नाही, म्हणून आत काय आहे ते आम्हाला कधी दिसलंच नाही. लळा लागायची वाट कधीकधी शाबूत राहते मेंदूत. तीच असेल.”

ताई पडद्याजवळ सरकल्या. “पुनर्स्थापना केली तर या नव्याचं काय होईल?”

“पुसलं जाईल. जुनी प्रत नव्यावरच बसते, शेजारी बसत नाही. कोठारात राहील ते, पण जगायला कुणी नसेल.” डॉक्टरांनी नोंद बाजूला सारली. “प्रत पूर्ण करायची तर उपाय सोपा आहे. चार दिवस ती घंटा वाजवू नका. नवं भरलं नाही की साठलेलं निघून जाईल. पुढच्या आठवड्यात केदारराव तुम्हाला नावाने हाक मारतील.”

पडदा मालवला. मृणालताईंना ती हाक हवी होती, अगदी जिवापासून हवी होती. कुठल्याही गावाचं नाव निघालं की तिथली नदी सांगणारा, भाजी निवडताना मध्येमध्ये लुडबुडणारा आपला नवरा त्यांना परत हवा होता. चार दिवसांनी काय बिघडणार होतं? त्यांनी वाटी फळीवर पालथी घातली आणि त्या स्वयंपाकघरात बसून राहिल्या. दिवाणखान्यात नाझनीन तारा गुंडाळत होती.

चार वाजले. केदारराव खुर्चीतून उठले, पुढचं दार उघडून बाहेर डोकावले, परत येऊन बसले. थोड्या वेळाने पुन्हा उठले. मग दिवाणखान्यातला फ्रिज उघडल्याचा आवाज आला आणि ते हातात झाकलेली वाटी घेऊन ताईंसमोर उभे राहिले.

“बाई, त्या विरजण न्यायला येतात ना, त्या आज आल्या नाहीत,” ते काळजीने म्हणाले. “मी काढून ठेवलंय त्यांचं. बऱ्या असतील ना त्या?”

 आजवर ताईंनी मागितल्याशिवाय केदाररावांनी कधी विरजण काढलं नव्हतं.

“येतील,” त्या म्हणाल्या. “उशीर झाला असेल. तुम्ही बसा.”

त्यांनी फळीवरची वाटी उचलली, डोळे पदराला पुसले आणि त्या मागच्या दाराने बाहेर पडल्या. अंगण ओलांडून पुढच्या दाराशी आल्या. घंटेवर हात ठेवून क्षणभर थांबल्या, कारण ही घंटा वाजली की ती हाक गेली हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग त्यांनी घंटा वाजवली.

दार लगेच उघडलं.

“या, या. वाटच बघत होतो,” केदारराव म्हणाले. “रोज येता, पण तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं बघा.”

“मृणाल.”

“मृणाल,” त्यांनी ते नाव जपून उच्चारलं, पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. “आता नाही विसरायचो. बसा मृणाल, चहा टाकतो.”

कोपऱ्यात नाझनीनच्या हातातल्या पडद्यावर चढवेगाची रेषा पार तळाला गेली. तिने ती बराच वेळ पाहिली आणि सातवेकरांच्या तक्रारीपुढे ‘दोष नाही’ असं लिहून तक्रार बंद केली.